दादाचा बंब

निखिलचा फोन आला तेव्हा मी आमच्या इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात, चकलीच्या भाजणीचं पाकीट हातात धरून रांगेत उभी होते. "आत्या, बाबा इज गॉन," एवढंच तो म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले, "मराठीत सांग नीट!" जणू मराठीत सांगितलं असतं तर बातमी बदलली असती... बिचाऱ्यानं सांगितलं मग अडखळत. दादा गॅरेजमधून बॅग खांद्यावर घेऊन तळघरात उतरला होता. वहिनींनी चहाला हाक मारली तर खालून ओ आली नाही. या गोष्टीला आता काही महिने होऊन गेले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. हे लिहिताना पण सारखी उठतेय, उगीच खिडकीशी जातेय, पुन्हा येतेय. थोरल्या भावानं असं न सांगता निघून जायचं म्हणजे काय? राग येतो मला. त्याचाच येतो.

माझा दादा, शरद, मिशिगनमध्ये ॲन आर्बरच्या बाहेर राहायचा. उभा जन्म गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढला. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नाहीतर गोल्फ खेळतात. यानं काय केलं, तर घराच्या तळघरातला तेलावर चालणारा चांगला धडधाकट बॉयलर काढून टाकला आणि तिथे लाकडाच्या भुशावर चालणारा बसवला. भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या असतात, पेलेट्स म्हणतात. त्या जड जड बॅगांतून येतात. बॅग फोडून वरच्या पेटीत ओतायची, मग एक फिरता स्क्रू त्या गोळ्या हळूहळू आगीत ढकलतो, पाणी तापतं आणि घरभरच्या रेडिएटरमधून फिरतं. हे सगळं त्यानं मला फोनवर इतक्यांदा समजावलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तेल महागलं होतं हे खरं, पण ते निमित्त हो! साताऱ्याला आमच्याकडे तांब्याचा बंब होता आणि तो पेटवायचं खातं दादाकडे होतं, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. बॉयलर बसला त्या दिवशी फोन करून पहिलं वाक्य काय, तर "मंगे, बंब आणलाय बंब!" इतका खूश तो निखिल झाला तेव्हाही नव्हता.

त्या बंबापायीच त्यानं एकदा अशी फजिती करून घेतली की बस. जानेवारीत त्यांच्याकडे सत्यनारायण होता, बाहेर बर्फाचे ढीग, घरात गावातली सगळी मराठी मंडळी. आदल्या दिवशी नारळ फोडले होते आणि करवंट्या फेकून द्यायचं याच्या जिवावर आलं. बंबात काय, काहीही खपतं! करवंट्या, शेंगांची टरफलं, चिपाड, काहीही. पण हा बंब नव्हता ना. साहेबांनी हातोडीनं करवंट्यांचे तुकडे केले आणि गोळ्यांबरोबर दिले पेटीत ओतून. वहिनी म्हणाल्या, "अहो, त्या बॉयलरच्या पुस्तकात नाही म्हटलंय." तर म्हणे, "पुस्तक लिहिणाऱ्यानं करवंटी पाहिलीय का कधी?" झालं! कथेचा तिसरा अध्याय चालू असताना स्क्रू अडकला. घर गार पडत गेलं. एकेक जण उठून कोट घालून आला. कुणाचं तरी पोर म्हणालं, "काका, हीटिंग कॅन्सल केलं का?" आणि काका कुठे? तळघरात, पीतांबर नेसून, जमिनीवर उताणे, तोंडात टॉर्च धरून करवंट्या उपसतायत. आम्ही आरती सुरू केली तर खालून त्याचा आवाज सगळ्यांच्या वरचढ. मसालेभात आम्ही हातमोजे काढून खाल्ला आणि पुन्हा घातले. हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

निखिलला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. तो तिकडे दूर हर्नडनला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. दर फोनला बापलेकांची तीच जुंपायची. "बाबा, गॅस लाइन घ्या ना यार, या वयात बॅगा काय उचलताय!" आणि दादा म्हणायचा, "उचलतोय म्हणून धडधाकट आहे." दादा गेल्यावर निखिलनं एकच धरून ठेवलं, "त्या बॅगांनीच मारलं बाबांना." डॉक्टरांनी सांगितलं की हा हार्ट ॲटॅक खुर्चीत बसल्या बसल्या सुद्धा आला असता. पण ऐकेल तर शपथ. तेरावा झाल्याबरोबर त्यानं गॅसच्या माणसाला बोलावणं धाडलं आणि आईला म्हणाला, बॉयलर निघेपर्यंत हर्नडनला चल. वहिनी म्हणाल्या, "मी इथेच राहणार. आणि बंबाला कुणी हात लावायचा नाही."

मी त्यांच्याजवळ राहिले होते. थंडी सुरू झाली आणि घर गारठायला लागलं. बंब चालू होता, पण वहिनी थर्मोस्टॅट अगदी तळाला ठेवून, कोट घालून, हात बगलेत धरून बसायच्या. मी वाढवला की त्या उठून कमी करायच्या. ना धड जेवण, ना झोप. मला वाटलं, दुःखानं भान सुटलंय. निखिल पुन्हा आला, त्यानं आईचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि सामान भरायलाच घेतलं. मग माझाही ताबा सुटला. "वहिनी, खाली बॅगांची भिंत उभी आहे आणि तुम्ही कुडकुडत बसलाय? न्यूमोनिया होऊन मराल! कुणासाठी हा हट्ट?"

वहिनी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वन्सं, ती भिंत त्यांनी रचलीय. हिवाळ्यासाठी, एकेक करून. मी जाळली की संपली... मग त्यांच्या हातचं काय उरेल?"

निखिल सूटकेस तशीच उघडी टाकून गाडीच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडला. आम्हाला वाटलं, रागावला. दुपारी परतला तो गाडीची मागची बाजू रस्त्याला टेकेल इतकी वाकलेली. एक बॅग खांद्यावर घेऊन आत शिरला. मी किंचाळलेच, "अरे, दोघं मिळून उचलू, ठेव खाली!" त्यानं ऐकलं नाही. जिन्यावरून उतरला, बॅग फोडून पेटीत ओतली, वर येऊन थर्मोस्टॅट वाढवला आणि आईसमोर उभा राहिला. "आई, या माझ्या. या जाळ. संपल्या की मी आणीन. बाबांच्या राहू दे तिथेच."

गॅसच्या माणसाला त्यानंच नको म्हणून कळवलं. दर महिन्याला तो येतो, नव्या बॅगा आणून ठेवून जातो. दादाची भिंत तिच्या जागी आहे, वहिनी येता-जाता तिच्यावरून हात फिरवतात. पण मला आठवतो तो पहिला दिवस. रेडिएटर तापायला लागले, वहिनींनी कोट काढला, आणि त्यांचं लक्ष निखिलच्या खांद्याकडे गेलं. भुशानं पांढरा झालेला. त्या ताडकन उठल्या. दादा बॅगा टाकून वर आला की त्या जशा कडाडायच्या ना, अगदी तशाच कडाडल्या, "आधी दाराबाहेर हो! सगळ्या घरभर भुसा करून ठेवशील!" आणि त्याला दारापर्यंत ढकलत नेऊन, रडत रडत, त्याचा खांदा झटकत राहिल्या.