वन्संचं कुंपण

दमयंतीला नवऱ्यानं टाकली असं चिंचणीत अजूनही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. टाकली कुणी? सासर पाम गावाला होतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून बसवली, तशी ही आपली पितळी घागर कमरेवर घेऊन भर दुपारी चालत माहेरी आली. वाटेत कुणी विचारलं तर म्हणाली, "त्यानं नाय टाकली मला, मीच टाकलं त्याला." ती माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची आणि त्या मला वयनी म्हणायच्या, म्हणून आता पुढं वन्संच म्हणते.

आमच्या ह्यांचं नाव विश्राम. वय झालं आता, नाव घ्यायला लाजायचं काय? हे वन्संचे थोरले भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी होता, आणि पैशाचा वास लागला की त्याला दुसरं काही दिसत नसे. मी हे त्यांच्या तोंडावरही सांगितलेलं आहे, मागून बोलत नाही.

आमची वाडी मोठी. पानवेल, केळी, नारळ, आणि मधोमध बैलाचा रहाट. वाडीच्या पार टोकाला, समुद्राच्या अंगाला, एक वाळूची कड होती आणि तिच्यावर एक खोपटं. मामंजी म्हणजे माझे सासरे, ते जायच्या आधी सगळ्यांच्या देखत बोलले होते, "ती कड दमीची." कागद केला नाही. घरातल्या घरात कागद कसला करायचा? वन्सं त्या खोपटात राहू लागल्या. वाळूत गवत धड उगवत नव्हतं, तोवर त्या जागेवर कुणाचा डोळा नव्हता.

मग साठ सालानंतर चार-पाच वर्षांत तारापूरला विजेच्या मोठ्या केंद्राचं काम निघालं. बोईसरला ट्रक आले, हिंदी बोलणारी माणसं आली, आणि रेती, खडी, विटा ह्यांच्याशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. एका ठेकेदाराला आमच्या बाजूनं किनाऱ्यावर ट्रक न्यायला वाट हवी होती. वाट जाणार होती ती बरोबर वन्संच्या कडेवरून. आमचे हे लगेच म्हणायला लागले, "बाबा आजारपणात बोलले. आजारी माणसाचं काय धरायचं? दमीनं आमच्यात येऊन राहावं, मी काय उपाशी ठेवनार हाय?"

वन्सं म्हणाल्या, "मला जेवन नको, जागा हवी."

शेवटी प्रकरण देवळाच्या ओट्यावर गेलं. आमच्या जातीतले सगळ्यांत वडील चिंतूतात्या. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि सांगितलं, "जिची जागा तिनं कुंपन घालावं. काठ्या रोवल्या तर कोनीबी उपटल, तसलं कुंपन मी धरत नाय. जितं झाड पायजे. आखातीला मी येईन. झाडानं मूळ धरलं असंल तर कड दमयंतीची, नायतर विश्रामची."

ऐकून आमचे हे खूश झाले. अक्षय्य तृतीयेपर्यंत त्या खाऱ्या वाऱ्यात आणि त्या वाळूत काय जगणार होतं? मेंदी लावून झाली होती, शेराची झुडपं लावून झाली होती, दोन्ही करपली होती. राहिली घायपात. जाड पानांची, टोकाला सुईसारखा काटा असलेली. ती बोईसरला रेल्वेच्या कडेनं रांगच्या रांग उभी होती. मी म्हटलं, "वन्सं, चार मुंडकी उपटून आनू, कोन बघतंय?" तर माझ्यावरच उखडल्या. "रेल्वेची हाय ती. माज्या हद्दीला चोरीचं झाड नको. उद्या कोन बोट दाखवील त्याला जागाच ठेवायची नाय."

आणि बाई मनोरच्या बाजारात जाऊन घायपातीची रोपं विकत घेऊन आली. गोणी एस.टी.च्या टपावर टाकून. कंडक्टरनं काटा टोचला म्हणून शिव्या घातल्या, त्याला वन्संनी परत घातल्या.

अंगणात गोणी उघडली आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. विक्रेत्यानं ती कधी उपटली होती देव जाणे. पानं पिवळी पडलेली, कपडे धुऊन सुरकुतलेल्या बोटांसारखी चुरमडलेली. काहींचे बुडखे दाबले की मऊ लागत होते. पानांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड. आमचे हे ओटीवरून म्हणाले, "काटे विकत आनले, तेबी आजारी." आणि इतके हसले की ठसका लागला. लागू दे, मी पाणी दिलं नाही.

आता आमची माणसं कशी, ते सांगायला हवं. आम्ही पानवेलीची माणसं. पानवेलीला तान्ह्या पोरासारखं सांभाळावं लागतं, सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मुळाशी गाळ, शेणखत, वर सावली. झाडानं मान टाकली की आमच्या हाताला एकच ठाऊक, पाणी घाला. तरी नाही उठलं की खत घाला. वन्संनी तेच केलं. प्रत्येक रोपाला सुरेख आळं केलं, वाळू काढून तळ्याचा गाळ भरला, शेणखत घातलं, कोळीवाड्यातल्या जमनाकडून सुक्या मासळीचा कुटा आणून मुळाशी पुरला. आणि रहाटाच्या कुंडीतून घागरी भरभरून पाणी, सकाळ-संध्याकाळ. वाटेनं येणारे-जाणारे म्हणत, काय आळी केलीत दमूताई, बघत राहावी.

रोपं मात्र दिवसेंदिवस बसत चालली. पिवळी होती ती तपकिरी झाली. वन्सं आणखी पाणी घालत. एका सकाळी एक रोप कलंडलं होतं म्हणून त्यांनी सरळ करायला धरलं, तर ते अख्खं हातात आलं. खाली मूळ नव्हतंच. कुजक्या केळीच्या बुंध्यासारखा काळा चिखल, आणि असा वास की मी पदर नाकाला लावला.

वन्सं तिथंच वाळूत बसल्या. रडतील असं वाटलं होतं मला, पण त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली. विक्रेत्याला, झाडाला, पामच्या नवऱ्याला, ठेकेदाराला, माझ्या नवऱ्याला. माझ्या नवऱ्याच्या वेळी मीही एक-दोन सुचवल्या.

तेवढ्यात जमना डोक्यावर मासळीची टोपली घेऊन आली. ती आमच्या दारावर नेहमी यायची. तिनं टोपली उतरवली, ते रोप उलटंपालटं केलं आणि हसायलाच लागली. "अगो, बोंबील वलांडीवर वाळत घालायचा सोडून पाटीत ठेवलास, वरून पानी शिंपलंस, तर काय व्हनार? ह्याच्या पानात बघ किती पानी भरलंय. ह्याला आनखी कशाला पाजतेस?"

वन्संनी तिच्याकडं रोखून बघितलं. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. पण वन्सं उठल्या, पदर खोचला आणि एकेक करून सगळी रोपं उपटून काढली. कोयता घेतला आणि प्रत्येक बुडखा आतला पांढरा गर दिसेपर्यंत छाटला. वाटलं, मारूनच टाकतेय ही. चुलीतली राख छाटलेल्या जागी चोळली. कीड होती ती राकेलचा बोळा फिरवून पुसून काढली. जी आतपर्यंत काळी होती ती लांब नेऊन जाळली. उरलेली खोपटाच्या सावलीत नारळाच्या झापांवर ओळीनं पसरली, जमना मासळी पसरते तशी. मग आळ्यांतला सगळा गाळ, सगळं खत उपसून वाडीत आणून ओतलं आणि तिथं परत वाळू, खडे, शिंपल्यांचा चुरा भरला.

छाटलेली जागा वाळून कडक झाल्यावर रोपं लावली. आणि पाणी दिलं नाही.

हे सांगायला सोपं आहे. चैत्रातलं ऊन, वाळू अशी की अनवाणी पाय टाकवत नाही, आणि आमच्या गावात एक बाई आपल्या झाडाला पाणी देत नाही. येईल ती बाई थांबायची. "दमे, पाप लागेल गो. तांब्याभर तरी घाल." वन्सं म्हणायच्या, "तहानेनं मेली तर ते पाप माज्या डोक्यावर. कुजवून मारायची ती एकदा मारली, आता नाय." बायका पुढं गेल्या की त्या एकट्याच त्या रोपांपुढं उभ्या राहून म्हणायच्या, "जगायचं असंल तर जग. मी काय लाड करनार नाय." मी त्यांना विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाल्या, "वाटते तर. जागा गेली तर दादाच्या चुलीपुढं बसून जन्म काढायचा, त्यापरीस पाम काय वाईट होतं?"

हळूहळू मधल्या पानांचा रंग बदलला. चुरमडलेल्या पानांच्या पोटातून एक घट्ट, निळसर हिरवा कोंब वर आला. वन्संनी मला बोलावून दाखवला, पण हात लावू दिला नाही.

आमच्या ह्यांनीही तो पाहिला. आखाती जवळ आली होती. एका दुपारी ह्यांनी रहाटाला बैल जुंपला आणि पाटाचं तोंड फोडून सगळं पाणी वन्संच्या कडेकडं वळवलं. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाले, "झाडं मरतात बिचारी. मला दया आली." चुकून केलं, मायेनं केलं, असं नंतर पुष्कळांनी म्हणून बघितलं. मी त्यांची बायको आहे. मुद्दाम केलं.

पाण्याचा आवाज ऐकून वन्सं धावत आल्या. कोपऱ्यातल्या रोपांभोवती तोवर तळं झालं होतं. हातात फावडं नव्हतं, काही नव्हतं. त्या सरळ पाटात मांडी घालून बसल्या, तोंडाशीच. पाणी अडलं, फुगलं आणि उलटं फिरून पानवेलीत शिरलं. साचलं पाणी पानवेलीला विष. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"दमे, ऊठ."

"आदी बैल थांबव."

"ऊठ म्हनतो ना. वेल कुजंल माजी."

"माजं कुजलं तवा दया आली होती का? आता येऊ दे."

ह्यांनी बैल थांबवला नाही. उलट एक फटका मारून जोरात हाकला. वन्संच्या छातीपर्यंत पाणी आलं, लुगडं फुगलं, पण बाई दगडासारखी बसून राहिली. मग मी गेले आणि जू सोडलं. माझ्या हातानं. बैल आपला शांतपणे चाऱ्याकडं गेला.

हे माझ्याकडं बघतच राहिले. "तुला घर हाय का नाय?"

मी म्हटलं, "हाय. म्हनूनच. मामंजी बोलले तवा त्यांच्या तोंडात पानी घालायला मीच बसले होते. आजारी होते, पन शुद्धीवर बोलले. देवळाच्या ओट्यावर मला कोनी इचारलं नाय, आता इचारलं तर सांगीन."

त्यानंतर हे माझ्याशी बोलत नव्हते. जेवायचे आणि उठायचे. मी म्हटलं, बरं झालं, कानांना विसावा. पण कोपऱ्यातली रोपं काही वाचली नाहीत. पाण्यात उभी राहिली होती, ती बुडातून गेली. तिथं खिंडार पडलं, चांगलं रुंद. नवी आणून लावायला दिवसच उरले नव्हते.

आखातीला चिंतूतात्या आले, मागून गाव. तात्यांनी काठी बगलेत धरली, वाकले आणि पहिलं रोप धरून ओढलं. काटा असा लागला की त्यांनी बोट तोंडात घातलं. रोप हललं नाही. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग धोतराचा सोगा हाताला गुंडाळून पार टोकापर्यंत ओढत गेले. एकही उपटलं नाही. वन्सं खोपटाच्या दारात उभ्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही, पण पदराचं टोक बोटांत पिळत होत्या.

"तात्या, इकडं या," आमचे हे म्हणाले आणि त्यांना त्या कोपऱ्यात घेऊन गेले. "हे बघा. इतं काय बी नाय. ट्रक जाईल एवढी वाट मोकळी हाय. ह्याला कुंपन म्हनायचं?"

तात्यांनी खिंडाराकडं बघितलं आणि मग वन्संकडं. मी तोंड उघडणार एवढ्यात वन्सं चालत आल्या आणि खिंडाराच्या पलीकडं, आपल्या बाजूला उभ्या राहिल्या.

"तात्या, ते माजं दार हाय," त्या म्हणाल्या. "कुंपनाला दार लागतं का नाय? का मी काट्यांवरून उडी मारून जाऊ? दादानंच पाडून दिलंय, पानी घालून. इचारा त्याला."

तात्यांनी ह्यांना विचारलं नाही. ह्यांचं तोंड बघूनच त्यांना कळलं. "दार हाय," ते म्हणाले. "कड दमयंतीची."

ठेकेदारानं मग वाट दुसरीकडून काढली. त्याचं काही अडलं नाही, असल्या लोकांचं कधी अडत नाही. आमचे हे मात्र चार दिवस तिकडं फिरकले नाहीत. मग एका दुपारी शहाळी काढली, त्यातली दोन हातात घेतली आणि सवयीनं सरळ चालत निघाले, लहानपणापासून त्या वाळूत जसे जात होते तसे. मी मागून बघत होते. त्या मोकळ्या जागेपाशी आले आणि त्यांचा पाय थांबला. दोन्ही बाजूंना काटे. मधे काही नाही, फाटक नाही, दोरी नाही. तरी माणूस उभाच राहिला.

"दमे," त्यांनी हाक मारली. "येऊ का गो?"

आतून भांड्याचा आवाज आला. मग वन्संचा, "मी जेवतेय, दादा. थांब थोडा."

आणि आमचे हे उन्हात शहाळी धरून थांबले.