सर्वेयरसाठी धुतलेली गाडी

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मोठ गावाहून येताना ट्रकने आमची जुनी गाडी मागून चेपली. बायकोला दवाखान्यात न्यायला ती एकच गाडी. विम्याच्या पैशात दुसरी घ्यायची होती.

नुकसान तपासायला विम्याचा सर्वेयर घरी येणार होता. माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेला. तिथे साहेब तपासणीला येणार म्हटलं की सगळं आधी लख्ख करायचं. मी गाडी धुतली, मागचं दार ठोकून सरळ केलं, फुटक्या काचा फेकल्या.

सर्वेयर म्हणाला, "बाबूजी, गाड़ी तो टोटल लॉस है, पूरा पैसा मिलता. पर सबूत आपने धो डाला. क्लेम कटेगा."

"बाबा, मला विचारायचं तरी," मुलगा म्हणाला.

"घाण गाडी साहेबाला दाखवायची? मला नाही कुणी तसं शिकवलं."

माझी चूक झाली, असं विमा कंपनीने माझ्याकडून लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या हाताने मी लिहिलं, पण मानलं नाही. पैसे कापूनच मिळाले. त्यात गाडी येत नव्हती, दवाखान्याच्या रिक्षाचं भाडं तेवढं निघत होतं.

पैसे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला गाडी न्यायला आला. त्याच्याआधी उठून मी ती पुन्हा धुतली होती.