परतीच्या गाडीतले प्रश्न

नीलमला मी पहिल्यांदा पाहिलं ते तीन वर्षांपूर्वी, आमच्या गावच्या थांब्यावर, साडेसहाच्या अकोला गाडीच्या दारापाशी. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा, आणि चेहरा परीक्षेच्या पहिल्या दिवशी मुलींचा असतो तसा. बाळापूर तालुक्यातलं आमचं गाव आडवळणाचं. थेट अकोल्याला जाणारी ही एकच गाडी. ती पुरेशी भरत नाही म्हणून बंद करायची चर्चा होती. त्याआधी तिच्यातून कोण, कशासाठी जातं ते पाहायचं काम एका संस्थेकडे आलं होतं, आणि संस्थेनं नीलमला आठ दिवसांसाठी नेमलं होतं.

माझ्या शेजारच्या गोदाबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला जावं लागतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सोबत जाते. त्या दिवशी मी पुढं होऊन जागा धरली. गोदाबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि नीलमनं फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला, "आजी, कुठं चालल्या?"

गोदाबाईंनी पाय खाली घेतला.

"निघाल्या माणसाले कुठं म्हणते काय वं पोरी? आता मले टेकून पाणी प्यावं लागन."

त्या खरोखरच ओट्यावर टेकल्या. मी मागं वळून पाहिलं तोवर गाडी वळणापार गेली होती. कंडक्टरला वाटलं, आजी आज येत नाहीत. निदान मशीनवरचा नंबर तरी जाऊ नये म्हणून मी तशीच पुढं गेले.

नंबर दुसऱ्याला द्यायला दहा मिनिटं उरली असताना नीलम गोदाबाईंना स्कूटीवरून घेऊन आली. आजी पडू नयेत म्हणून तिनं आपल्या ओढणीनं त्यांना स्वतःच्या कमरेशी बांधलं होतं.

डायलिसिस होईपर्यंत ती थांबली. मग स्कूटी अकोल्यातल्या आपल्या मामाकडे ठेवून आमच्याबरोबर परतीच्या गाडीत बसली. "माही आजीबी अशीच टेकते, मॅडम," ती मला म्हणाली. "फॉर्म हाती आला अन् मीच इसरली." चार दिवसांत बहुतेकांनी तिच्याकडे पाठच फिरवली होती. त्यांच्या नावापुढं 'माहिती दिली नाही' असं पडायचं, आणि ते फॉर्म मोजणीत धरले जाणार नव्हते. म्हणजे कागदावर आमची गाडी रिकामीच धावत होती.

गोदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "आता इचार की," त्या म्हणाल्या. "घरी चालली मी. कुठून आली म्हन."

नीलमनं विचारलं, आणि त्यांनी दवाखान्यापासून दोन्ही सुनांपर्यंत सगळं सांगितलं. शिवाय पुढच्या बाकावरच्या आशाबाईंकडे बोट दाखवून नीलमला म्हणाल्या, "ते लेकीकडे गेल्ती म्हनन, पर पिशवीतली फाइल पाह्य आधी." आशाबाई लाजल्या आणि त्यांनी दवाखान्याची फाइल काढून दाखवली.

उरलेले चार दिवस नीलम रोज परतीच्या गाडीत बसली. तिच्या संस्थेतले चंदन सर फोनवर म्हणाले की प्रश्नांचा क्रम बदलला तर फॉर्म बाद होतील. ती म्हणाली, "सर, मानूस जाताना सांगत नाई, येताना सांगते. तुमी एक दिवस येऊन बसा." ते आले. आशाबाईंच्या शेजारी त्यांना जागा मिळाली आणि गाव येईपर्यंत त्यांना बोलायला वाव मिळाला नाही. उतरताना त्यांनी सगळे फॉर्म स्वीकारले. निम्म्याहून जास्त माणसं उपचारासाठी जात होती.

गाडी राहिली. मी चौतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले. कधी विचारावेत हे मला या मुलीकडून कळलं. गोदाबाई अजून दर खेपेला उतरताना तिची आठवण काढतात, आणि मला सोबत म्हणून जाता येतं याचं मलाही बरं वाटतं.

नीलम आता लग्न होऊन बडनेऱ्याला असते आणि रोज सकाळच्या रेल्वेनं अकोल्याला कामावर येते.