अडकित्त्यावरची गुलाबी भुकटी

मी कर्करोगाच्या पेशींना औषध पचवायला शिकवते. ऐकायला भयंकर वाटतं, पण माझं संशोधनच ते आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, सगळ्या मरणार नाहीत एवढंच औषध द्यायचं, वाचल्या त्यांना थोडं वाढवून द्यायचं. काही महिन्यांत त्या निर्ढावतात. मग आत काय बदललं ते शोधायचं. पेशीत काही प्रथिनं मुकादमासारखी असतात, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि कुठल्या जनुकानं कामाला लागायचं ते ठरवतात. औषध ज्या एंझाइमला जखडतं, तेच एंझाइम हे मुकादम इतकं बनवून घेतात की औषध पुरं पडत नाही.

त्या आठवड्यात आमच्या पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या. प्रयोगशाळेतले सर खूश, मी खूश. त्याच आनंदात रविवारी फर्दापूरला घरी गेले.

आबांनी, माझ्या वडिलांनी, जन्मभर पर्यटकांना लेणी दाखवली. त्यांनाही हाच कर्करोग. ऑपरेशन झालं होतं, पण यकृतावर एक गाठ उरली होती आणि ती आटवायला सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी तळपाय सोलून निघायचे. लेण्यांच्या पायऱ्यांवर आयुष्य काढलेला माणूस अंगणात जाताना भिंत धरायचा. आईला ते बघवायचं नाही.

त्या रविवारी आबा दारातच उभे होते. "बघ, पाय कसे झाले! काल पार फाट्यापर्यंत जाऊन आलो."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, गोळ्या चालू असताना पाय एवढे बरे कसे?

स्वयंपाकघरात आई पानाचा डबा घेऊन बसली होती. अडकित्त्याच्या पात्यावर सुपारीचा चुरा नव्हता, गुलाबी भुकटी होती. आबांच्या गोळ्या गुलाबी आहेत.

"आई, हे काय?"

"अर्धीच देते गं," ती कौतुकानं म्हणाली. "लई गरम औषध हाय ते. अर्ध्यानं बी काम होतंयच की. पाय बघितलेस ना त्यांचे?"

"अगं बाई, काय करून बसलीस तू! मी तिथं दिवसभर हेच करते. थोडं थोडं औषध देऊन पेशींना निबर करते. तू तेच घरात मांडलंस!"

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. मला राग आला नव्हता, मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी शहरात क्रांती चौकाजवळच्या आबांच्या डॉक्टरांकडे तिघं गेलो. त्यांनी विचारलं, "गोळ्या अर्ध्या कुणी केल्या?" आईनं पदर तोंडाला लावला.

"मीच," आबा म्हणाले. "सुपारी कातरायची सवय. चुकलंच साहेब."

धडधडीत खोटं! आई गुळाच्या खड्यासोबत गोळी हातावर ठेवायची आणि आबा न बघता गिळायचे. त्यांना आदल्या दिवसापर्यंत काही ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. "पाय सोलत होते तर मला सांगायचं, डोस मी बदलून दिला असता, पायांना मलम दिलं असतं." आबा मान खाली घालून ऐकत राहिले.

गाठ निबर झाली का, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. "आता मी सांगतो तेवढ्या गोळ्या अख्ख्या घ्या," म्हणाले, "पुढचा स्कॅन झाला की बघू." बाटलीतल्या पेशींचं मला लगेच कळतं. आबांच्या पोटातलं कळायला मार्ग नव्हता.

रिक्षात आई म्हणाली, "तुम्ही माझं नाव का नाय घेतलं?"

"तुला कुणी बोललेलं मला ऐकवलं नसतं," आबा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

आता आई अख्खी गोळी देते आणि ते गिळेपर्यंत समोर बसते. परवा गेले तेव्हा ती आबांच्या तळपायांना मलम लावत होती. कातडी पुन्हा सोलायला लागली होती. तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "औषध लागू पडतंय म्हणायचं, व्हय ना?"

पायांवरून गाठीचं कळत नाही, हे मला ठाऊक होतं. स्कॅन अजून व्हायचा होता.

"व्हय," मी म्हणाले, आणि आबांचा दुसरा पाय माझ्या मांडीवर घेतला.