दिवा ठेवून जायचं

“तुला बोलायचं काही नाही, त्यामुळे उच्चाराचा प्रश्नच येत नाही.”

सर हसत म्हणाले. खोलीतले बाकीचेही हसले. मीही हसले. सगळे हसतात तेव्हा आपणही हसून घ्यायचं, ही माझी शाळेपासूनची सवय.

नागपुरातला आमचा इंग्रजी विभाग. चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी नाटकाची नवी आवृत्ती आम्ही तयार करत होतो. सर त्याचे प्रमुख, आणि माझे पीएचडीचे गाइडही तेच. परिसंवादाला इंग्लंडहून एक पाहुण्या बाई येणार होत्या. असली जुनी नाटकं संपादित करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांच्यासमोर नाटकातला एक प्रवेश करून दाखवायचा होता आणि सर भूमिका वाटत होते. राणी म्हणजे माझ्याबरोबर पीएचडी करणारी रेवती. राणीचा भाऊ विभागातलाच एक मुलगा. मी नोकर.

“दिवा आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि जायचं. जमेल ना?”

“जमेल सर.”

त्या नाटकाची ओळ न् ओळ मला पाठ होती. राणीच्या सगळ्या ओळी पाठ होत्या.

रेवती वाईट मुलगी नाही. हीच तर पंचाईत. वाईट असती तर तिचा राग करून मोकळी झाले असते. धरमपेठेत घर. आजोबांच्या वेळची इंग्रजी पुस्तकं काचेच्या कपाटात. जेवताना वडील तिचे उच्चार सुधारायचे म्हणे. इंग्रजी तिच्या ताटात वरणभाताबरोबर वाढलेली. मी ती भाषा डोळ्यांनी शिकले. शब्द वाचले, लिहिले, अर्थ पाठ केले, पण ते कानावर कधी पडलेच नाहीत. तोंडातून बाहेर आले की वर्गात कुणीतरी खाली मान घालून हसायचं.

मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही. पोटात आग पडायची. तिच्या आवाजाचा हेवा, तिच्या चपलांचा हेवा, सरांसमोर पायावर पाय टाकून बसण्याचा हेवा. आणि सगळ्यात जास्त हेवा तिच्या “मला माहीत नाही” म्हणण्याचा. ती किती सहज म्हणायची ते. सरांना त्यात तिचा प्रामाणिकपणा दिसायचा. मी तेच म्हटलं की त्यांना माझं आरक्षण दिसायचं. म्हणून मला सगळं माहीत असावं लागे.

नाटकाच्या दोन जुन्या छपाया होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, कुठे काय वेगळं आहे ते टिपायचं, हे काम आधी रेवतीकडे होतं. थोडे दिवस केलं आणि म्हणाली, “बाई गं, डोळे गेले माझे.” मग ते माझ्याकडे आलं. सर म्हणाले, “तू कर. तुमच्यात चिकाटी असते.”

तुमच्यात म्हणजे कुणात, ते मी विचारलं नाही. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या आजोबांची मी नात. मला ते विचारायची गरज नव्हती.

शहराच्या टोकाला, बेशाच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. तिथून यायचं आणि विभागातल्या कॉम्प्युटरवर ती जुनी पानं उघडून बसायचं. काम मला आवडायला लागलं. कुणी उच्चार विचारत नव्हतं. कागद आणि मी.

त्या जुन्या नाटकांमध्ये रंगमंचावर कोण आलं आणि कोण गेलं, हे नीट छापलेलं नसतं. संपादकाला ते भरावं लागतं. आपण भरलेलं चौकटी कंसात घालायचं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे मूळचं नाही. आमच्या प्रवेशात नोकर दिवा घेऊन येतो, आणि मग राणी आणि तिचा भाऊ राजाला मारायचा कट रचतात. हल्लीच्या छापील आवृत्त्यांमध्ये दिवा ठेवल्या ठेवल्या लिहिलेलं आहे, नोकर जातो. मी जुन्या छपाया पाहिल्या. पहिलीत नोकराचं जाणं नाही. दुसरीतही नाही. पुन्हा पाहिलं. नाहीच. मध्ये कुण्या संपादकाने ते कंसात घातलं, पुढच्यांनी डोळे मिटून उचललं, आणखी पुढे कुणीतरी कंसही काढून टाकला. झालं, नोकर गेला.

पुढच्या अंकात कटाची बातमी गावभर झालेली असते. कशी झाली ते नाटकात कुठे नाही. नाटककार विसरला, असं मोठमोठ्या टीकाकारांनी लिहून ठेवलंय.

मी हे डोक्यात घेऊनच घरी आले. आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. ड्यूटीवरून येऊन कोथिंबीर, आमचा सांबार, निवडत बसली होती.

“त्या कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईचं काई खरं नाई वं,” ती म्हणाली. “तिच्या पोराले अजून सांगतलंच नाई कोनी.”

“मग तुला कसं माहीत?”

“डॉक्टर बोलून राहिले होते. मी चादर बदलून राहिली होती.”

“तुझ्यासमोर?”

“माह्यासमोरच बोलतेत ते. मी काई त्यायले दिसत नाई.”

ती सांबाराच्या काड्या बाजूला करत राहिली. नाटककार विसरला नव्हता. नोकर तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी धावतच सरांकडे गेले. सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पानं पाहिली आणि परत केली.

“नोकर आहे. गेला असेल. नोकरासमोर कोण कट रचतो?”

सगळे रचतात, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. ते पुढे म्हणाले, “कल्पना रंजक आहे, पण हा अभ्यास आहे. भावनेचं काम नाही.” मी लिहून नेलेली टीप मात्र त्यांनी ठेवून घेतली.

परिसंवादाचा दिवस. हॉल भरलेला. पाहुण्या बाई पहिल्या रांगेत सरांशेजारी. मी सीताबर्डीवरून आणलेला बॅटरीचा कंदील घेऊन आत गेले, टेबलावर ठेवला. रेवती बोलायला लागली.

किती सुंदर बोलत होती ती! त्या अवघड ओळी तिच्या तोंडून अशा येत होत्या की जणू दूधवाल्याशी बोलतेय. मी जळले. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात न्याय, समता काही नव्हतं. नुसता जळफळाट. त्या ओळी मला हव्या होत्या आणि त्या मला कधीच मिळणार नव्हत्या. डावीकडून बाहेर जायचं होतं. एक पाऊल टाकलं. आणि वाटलं, का जाऊ? बोलायला मिळत नाही तर निदान ऐकेन. सगळ्यांच्या देखत उभी राहून ऐकेन.

थांबले.

सरांनी खालून हात हलवला. अंगणातून कोंबडी हाकलावी तसा. “जा,” त्यांचे ओठ म्हणाले. मी कंदिलाशेजारी उभी.

रेवती अडखळली. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि तिचा आवाज आपोआप खाली आला. आता ती खरोखर कुजबुजत होती, कारण कुणीतरी ऐकत होतं. भावाचं काम करणाऱ्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मला टेबलखुर्चीत मोजून पुढची ओळ म्हटली. हॉलमधली खोकाखोकी थांबली. एका माणसाला मारायचं ठरत होतं आणि ठरवणाऱ्यांना माझी पर्वा नव्हती. दोन्ही जुन्या छपायांत जे होतं ते चारशे वर्षांनी नागपुरात लोकांना दिसत होतं.

प्रवेश संपला. टाळ्या झाल्या. पाहुण्या बाई उठल्या आणि इंग्रजीत विचारलं, “नोकर तिथेच राहतो, हे कुणी ठरवलं?”

सर लगेच उठले. हसले. “मजकुराचं काम आमच्या रेवतीकडे होतं.”

मघाशी मला हाकलणारा तोच हात आता रेवतीकडे वळला होता. बाई तिच्याकडे वळल्या. रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. तिला एवढंच म्हणायचं होतं की मी नाही, ती. तीन शब्द. उच्चाराचीही अडचण नव्हती.

ती म्हणाली, “थँक यू.”

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. प्रत्यक्ष आज पाहिला.

मी बोलले. इंग्रजीतच बोलले. माझ्या इंग्रजीत. “तो नोकर मी शोधला. दोन्ही जुन्या छपायांत तो जात नाही. त्याला मागाहून संपादकांनी घालवलं.” एका शब्दावर मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी थांबले. तोच शब्द पुन्हा म्हटला. तसाच. आणि पुढे बोलत राहिले. कंस कधी आला, कधी गेला, गावात बातमी कशी पोचली, सगळं सांगितलं. बाईंनी दोन प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. मग कुणीतरी चहा तयार असल्याचं जाहीर केलं आणि बाई सरांबरोबर चहाला गेल्या. संध्याकाळी विभागाच्या ग्रुपवर फोटो आला. मध्ये बाई, एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला रेवती.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

“पाहुण्यांसमोर विभागाची शोभा केलीस. तू रेवतीचा हेवा करतेस, हे मला केव्हाचं दिसत होतं. हेवा संशोधकाला शोभत नाही.”

पूर्वीची मी असते तर नाही नाही म्हणत रडले असते. तोच तर माझा चोरकप्पा होता. त्याचीच मला लाज होती. पण त्या दिवशी सरांच्या तोंडून ऐकलं आणि लाज कुठे गेली कळलं नाही. ज्यांच्या घरात सगळं आहे त्यांना हेवा कशाला वाटेल? हेवा वाटतो म्हणजे आपल्याला काय मिळालं नाही ते आपल्याला नीट ठाऊक आहे.

“हो सर, करते,” मी म्हणाले. “तिच्या आवाजाचा करते, घराचा करते. पण नोकर माझा आहे.”

सर जरा नरमले. “हे बघ, पुस्तकात आभाराच्या पानावर तुझं नाव घालू.”

“आभारात नको. संपादक म्हणून घाला. नाहीतर माझी एकही टीप छापू नका.”

“आणि पीएचडीचं काय करणार?”

“ते माझं मी बघीन.”

बाहेर जिन्यात रेवती उभी होती. डोळे लाल. “तू म्हणशील तर मी सरांशी बोलते गं.”

तिच्याशी मी नेहमी जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा घरचं तोंडात आलं. “बोलाचं होतं तं काल बोलाचं होतं वं. आता काहून?” मी जिना उतरले.

गाइड बदलून मागितला आहे. सर सही करत नाहीत. विभागात माझ्याशी बोलणारे आता लांबून जातात. हेवा गेलेला नाही. रेवतीचा आवाज कानावर पडला की आजही आत काहीतरी करपतं. करपू दे. तो हेवा मी सोडणार नाही.

त्यांचं पुस्तक माझ्या प्रबंधाआधी येईल, हे मला ठाऊक आहे. येऊ दे. त्यात नोकर गेलेला असला तर मी लिहीन की तो जात नाही. थांबलेला असला तर लिहीन की हे चोरलेलं आहे. दोन्ही वेळा खाली माझं पूर्ण नाव असेल. आडनावासकट.