नाजूक बाजू आधी

परवा सकाळी सुंदरमामांना ऑपरेशनला आत नेतील तेव्हा त्यांच्या मनात त्यांचा कुत्रा भीमू पापनाशम्‌ला एका चांगल्या घरी सुखात असेल. ही गोष्ट आज दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. तसं त्यांना मीच सांगितलं आहे. आज संध्याकाळी पुन्हा सांगितलं.

घरात सगळे झोपले आहेत. मधुमिताची छाती आज मोकळी आहे, तरी दोनदा उठून तिचा श्वास ऐकून आले. आता झोप लागणार नाही म्हणून हे लिहिते आहे.

सुंदरमामा माझे सख्खे मामा नव्हेत. कुंभकोणम्‌च्या आमच्या गल्लीत घरात मराठी बोलणारी तीन कुटुंबं उरली आहेत, त्यातलं एक त्यांचं; कुटुंब म्हणजे ते एकटेच. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं रोज सकाळी डबा घेऊन स्वामीमलैची बस धरली. तिथल्या एका मूर्तीच्या कारखान्यात मेणाचा साचा करणारे वेगळे, धातू ओतणारे वेगळे, घासणारे वेगळे. मामा मूर्ती बांधणारे. लाकडी पेटीत गवत घालून मूर्ती परगावी धाडायची, एवढंच त्यांचं काम. देवाला हात लावणाऱ्यांत आपण शेवटचे, असं ते म्हणत.

एकदा मी मधुमिताला घेऊन कारखाना पाहायला गेले होते. नटराजाची मूर्ती समोर होती. मामांनी आधी वर उचललेल्या पायाच्या बोटांना चिंधी गुंडाळली, मग भोवतालच्या ज्वाळांना एकेक करून. मधुमिताने विचारलं, "पोट कधी बांधणार?"

"पोटास काय होतंय? ते शेवटी. जे वाकेल ते आधी."

पेटीवरही ते तसंच लिहीत. आत कोणता देव आहे ते खाली बारीक अक्षरात आणि वर ठळक, उजवा हात सांभाळा. मालक हसायचा. पण मामांनी बांधलेली एकही पेटी परत आली नाही.

भीमू त्यांना त्याच गवतात सापडला. साताठ महिन्यांचं तांबूस पिल्लू, अंग ताठ झालेलं, तोंडाला फेस. कामगार म्हणाले, पिसाळलंय, हाणा. मामांनी त्याच्या डोक्याभोवती गवत रचलं आणि शेजारी बसून राहिले. पाच मिनिटांनी पिल्लू उठलं, धडपडत भिंतीवर आपटलं आणि मग त्यांच्या धोतरावर मुतलं. डॉक्टरांनी सांगितलं, अपस्मार आहे, मेंदूचा. सकाळी सातला अर्धी गोळी, संध्याकाळी सातला अर्धी, जन्मभर. एकही चुकवायची नाही. चुकली तर आकड्या एकामागून एक येतील आणि त्यातच जाईल. मामांनी त्याचं नाव भीमू ठेवलं. म्हणाले, "नाव तरी दणकट असू दे."

तीन वर्षं त्यांनी ते सात आणि सात पाळले. लग्नाला गेले तर साडेसहाला उठून येत. मागच्या वर्षी त्यांचं स्वतःचं हृदय बिघडलं. चेन्नईला त्यांचा पुतण्या गिरिधर असतो. त्याने सगळी व्यवस्था केली, तारीख घेतली. मामा गेले नाहीत. दुसरी तारीख घेतली, तीही गेली. "कुत्र्यास कोठे ठेवू?" एवढंच विचारत. गिरिधरच्या फ्लॅटवर कुत्रा चालत नाही. आमच्याकडे मधुमिताचा दमा. मांजर मांडीवर बसलं तरी तिला रात्र बसून काढावी लागते. मी नाही म्हटलं आणि मामांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग घर शोधणं सुरू झालं. लोक येत, भीमूचे डोळे पाहून विरघळत, आणि मामा तोंड उघडत. चंद्रमौळी कॉफीवाला त्याच्या गोदामाला राखण हवी म्हणून आला होता.

"यास आकडी येते," मामा म्हणाले. "महिन्यात एकदा, कधी दोनदा. तेव्हा मुततो, हगतोही. उठला की अर्धा तास कोणास ओळखत नाही, चावेलही."

चंद्रमौळीने कॉफीचा पेला खाली ठेवला. "मामा, तुम्ही कुत्रा देताय की मला पळवून लावताय?"

"मागाहून कळून तू आणून सोडण्यापेक्षा आत्ताच पळ."

तो पळाला. त्याच्यासारखेच आणखी चार. मी रागावले. म्हटलं, "मामा, आधी त्याचं प्रेमळपण सांगा. मुलगी दाखवताना कोणी आधी तिची दुखणी सांगतं का?"

"अंबुजा, पेटी उघडणाऱ्यास ठाऊक नसेल तर तो हाताला धरूनच ओढतो," ते म्हणाले. त्यांना तेव्हा जिना चढता येत नव्हता. ओठ निळे पडायचे.

म्हणून मी मामांना न सांगता पापनाशम्‌च्या शरण्याला फोन केला. आमच्याच लोकांतली, लक्ष्मीनारायणाची बायको. मागे अंगण, गोठा, मोकळी जागा. मी सांगितलं, गुणी कुत्रा आहे, थोडा अशक्त आहे, ताकदीची गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ द्यायची. आकडी हा शब्द मी उच्चारला नाही. मामांना सांगितलं, सगळं सांगितलंय, सगळं कबूल आहे. त्यांनी दोनदा विचारलं, "सगळं?" मी दोनदा होय म्हटलं. भीमूला मीच पोचवलं, ते चेन्नईला गेले.

काल शरण्याच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. आमच्याकडे श्राद्धाच्या दिवशी कुत्र्याची नजरसुद्धा पडू देत नाहीत. स्वयंपाक सोवळ्यातला, ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कुत्र्याला शिवायचं नाही. भीमूला पहाटेच गोठ्यामागे बांधलं. ताकदीची गोळी एक दिवस राहिली तर काय होतं? शरण्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. तिथी मला ठाऊक होती. आम्हाला बोलावणं होतं, जाणं झालं नाही. आणि तरी मला आदल्या दिवशी फोन करावासा वाटला नाही, कारण फोन केला की कारण सांगावं लागलं असतं.

आज दुपारी तिचा फोन आला. "अक्का, काल पिंड ठेवत होतो तेव्हा त्याला पहिली आली. आज सकाळपासून आणखी दोन. दगडावर डोकं आपटलंय. सासूबाई म्हणतात, नेमक्या श्राद्धाला असं झालं, हे लक्षण चांगलं नाही, रविवारपर्यंत घेऊन जा नाहीतर स्टेशनवर सोडू." मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी सातला मामांचा फोन आला. वॉर्डात फोन करू देत नाहीत, त्यांनी शेजारच्या रोग्याच्या मुलाचा मागून घेतला होता. "दिली का शरण्याने त्यास गोळी?" मी म्हटलं, दिली. "खाल्ली?" खाल्ली. "मग मीही आता या डॉक्टरांचं ऐकतो," असं म्हणून ते हसले. हसताना त्यांना धाप लागली.

हे लिहिताना आत्ता ध्यानात आलं, शरण्याने गोळीबद्दल काहीच सांगितलं नाही. ताकदीची गोळी आजारी कुत्र्याला कशाला, असं म्हणून आजही दिली नसेल. म्हणजे काल सकाळपासून चार वेळा चुकली. सकाळपर्यंत थांबले तर रविवारचा प्रश्नच उरणार नाही.

मामांना आज सांगता येणार नाही. ते अंगावरच्या नळ्या काढून बस धरतील. शुद्धीवर आले की सांगेन, आणि मग ते माझ्याशी काय बोलतील, बोलतील की नाही, मला माहीत नाही. सांभाळत नसाल तर पहिल्या बसने येते असंही मी आत्ता फोनवर शरण्याला म्हणणार आहे. आणून ठेवू कुठे? मागची पडवी मधुमिताच्या खिडकीखालीच आहे.

पावणेबारा झाले आहेत. पापनाशम्‌ला सगळे झोपले असतील, सासूबाई तर नक्कीच उठतील. उठू देत. भीमूला अपस्मार आहे, मला ठाऊक होतं, मी खोटं बोलले, आत्ता उठून त्याला अर्धी गोळी द्या आणि रात्रीच डॉक्टरांना फोन लावा. याच क्रमाने सांगणार आहे. शरण्याचा नंबर काढला आहे.