न्हाऊ घातलेली कोंबडी

कोंबडी हा पक्षी मला कधीच आवडला नाही, आणि जर्मनीतील त्या हिवाळ्यानंतर तर त्याविषयी चांगला शब्द माझ्या तोंडून निघणे नाही. तहसील कचेरीबाहेर बैठक मांडून मी उभ्या तालुक्याचे अर्ज लिहिले; भल्याभल्या वकिलांनी माझ्या मसुद्यातील अक्षर फिरवले नाही. असा मी मुलाच्या आग्रहाखातर वाल्डॉर्फजवळच्या एका गावी थंडीचे दिवस काढावयास गेलो, आणि तेथे माझ्या हाती खुरपे आले.

वस्तुस्थिती अशी. मुलगा ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे, त्याची म्हातारी मालकीण बर्फावर घसरली आणि पाय मोडून इस्पितळात पडली. मागील अंगणातील खुराड्यात तिच्या कोंबड्या होत्या. सूनबाईने तिला शब्द दिला की, तुम्ही परत येईपर्यंत एकही कोंबडी दगावणार नाही. शब्द सूनबाईचा, परंतु ती व मुलगा दोघेही सकाळी कामावर जात, नात किंडरगार्टनमध्ये, सबब अंमलबजावणी माझ्याकडे.

ज्याच्या घरात आजवर अंडेसुद्धा आलेले नाही, अशा माणसाने काय काय पाहावे! पाण्याचे भांडे रोज सकाळी दगड झालेले असे; गरम पाणी ओतून तो दगड सोडवायचा. विष्ठा फळीला अशी गोठून बसे की खुरप्याच्या घावासरशी तिच्या कपच्या उडत. एक कपची एकदा माझ्या ओठाला लागली. दार उघडताच येणाऱ्या उग्र दर्पाने डोळ्यांतून पाणी येई, आणि ते गालावरच गार पडे. थंडीने तडकलेली स्वतःची अंडी त्या चोचीने फोडून गिळीत, ते दृश्य वेगळेच.

एके दुपारी पाहतो तो एका तांबड्या कोंबडीचा तुरा हिमाने काळवंडून चिरला होता, आणि बाकीच्या साऱ्या तिला कोपऱ्यात घेरून त्या वाहत्या जखमेवर टोचत होत्या. चोची भुशात पुसायच्या आणि पुन्हा टोचायचे. निलंबित कारकुनाभोवती जमणारे त्याचे सोबती मी पाहिले आहेत. पण इतका उघडपणा त्यांनीही केला नव्हता.

तेथे ठेवली असती तर ती संपली असती, आणि शब्दही संपला असता. मी तिला पोत्यात गुंडाळून वर आणले. अंगभर रक्त, विष्ठा आणि भुसा. आमच्याकडे घाणीला पाणी हाच उपाय. दुसरा विचार मला शिवला नाही. न्हाणीघरात कोमट पाणी काढून, साबण लावून मी तिला स्वच्छ धुतले. भिजलेल्या पिसांखाली तिचे अंग हाताला लागले, ते इतके बारीक व लिबलिबीत की मी तोंड फिरवूनच साबण चोळला.

तेवढ्यात सूनबाई नातीला घेऊन घरी आली.

“अहो बाबा, हिला आंघोळ घातलीत?”

“घाण होती.”

“अहो, पण पिसं भिजली की यांना थंडी सोसत नाही! बाहेर मायनसमध्ये आहे. आता खाली सोडली तर मरेलच ती. बघा ना, कशी कापतेय.”

खरोखरच ती कापत होती. डोळ्यावर पांढरे पटल ओढलेले, मान लुळी.

नात दारात नाक धरून उभी राहिली. “इगिट! एस श्टिंक्ट!”

“कोंबडीचा वास येतो, बाळ.”

“नाइन, आजोबा. दू!”

“तुमचाच येतोय म्हणते,” सूनबाई हसू दाबीत म्हणाली, आणि तिने माझ्या हाती केस वाळवण्याचे यंत्र दिले. “लांबून धरा हं, भाजेल तिला.”

ज्या मांडीवर मी कलेक्टरसाहेबांच्या नावचे मसुदे केले, तिच्यावर टॉवेलात ती कोंबडी घेऊन मी कमोडच्या झाकणावर बसलो. पिसे जसजशी वाळत गेली तसतसा तो खुराड्याचा दर्प साबणातून वर आला. थिजलेले खोबरेल सूनबाईने गरम करून दिले. ते मी बोटाने तुऱ्याला लावले. तुरा सुकल्या मिरचीसारखा लागला. त्या दिवसापासून मी डोक्याला खोबरेल लावलेले नाही.

पुष्कळ वेळाने तिने डोळा उघडला, मान सरळ केली, आणि माझ्या धोतरावर गरमागरम विष्ठा केली.

“झी लेब्ट!” नात टाळ्या पिटू लागली. जिवंत आहे!

उबेची सवय लागलेला जीव पुन्हा बर्फात सोडता येईना, म्हणून ती बाथटबमध्येच राहिली, आणि मी रोज तिच्या देखत कोपऱ्यात अंग चोरून स्नान केले.

मालकीण कुबड्या घेऊन परतली तेव्हा मी तांबडी कोंबडी खाली नेऊन तिला दाखवली. अर्धा तुरा गळून पडला होता, पण एकही कोंबडी दगावली नव्हती. म्हातारीने तिच्या पाठीवरून, पोटाखालून, शेपटीपर्यंत हात फिरवला, आणि त्याच हाताने माझा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. सूनबाई शेजारी उभी होती, म्हणून मी तो सोडवून घेतला नाही.